भिंतीवरची गुटगुटीत लेक

बडनेऱ्याहून अकोल्याला जाताना समोरच्या बाईंच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली तसबीर होती. गाडीला हिसका बसला की त्या काचेवर हात ठेवायच्या. एकदा टॉवेल सरकला. आत त्यांचाच फोटो होता, गोल, लालबुंद गालांचा.

"तेव्हा तब्येत छान होती तुमची," मी बोलून गेले.

"साऱ्याइले तसंच वाटे जी. पन तवा किडनीच्या वर गाठ होती. तिच्यानं हार्मोन वाढले अन् तोंड फुगलं. गाठ काढली, तवा बरी झाली. आता डॉक्टर त्या आजारावर संशोधन करून राहिले, म्हनून जुना फोटो मांगतला."

"मग अख्खी तसबीरच?"

त्यांनी टॉवेल नीट केला. "आईनं भिंतीवर लावली होती, लेक सासरी सुखात हाय म्हनून. आता मी बरी होऊन बारीक झाली, तं मले पाहून रडते."