गारठ्यातली काठी
शुक्रवार पेठेतला सुतार पाइनच्या फळीवर रंधा मारायला लागला की त्या वासानं मला जर्मनीतलं एक टेकडीखालचं गाव आठवतं. मी तिथं नोकरीला होते आणि वडील सोलापूरहून मला भेटायला आले होते. एक चर्च, एक कारंजं आणि भोवती कुरणं, एवढंच ते गाव. पण मे महिन्याच्या पहिल्या तारखेला चौकात निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा उंचच उंच लाकडी खांब उभा करायची त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. क्रेन चालत नाही, गावानंच हातांनी उचलायचा. शेजारचं गाव खांब पळवतं, म्हणून आधी पहाराही देतात. "म्हंजे ही बी काठीच की!" वडील म्हणाले. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत त्यांनी तरुणपणी नंदीध्वजाची उंच, मानाची काठी पेलली होती. उचलणाऱ्यांचा म्होरक्या, एक धिप्पाड म्हातारा, त्यांना हात लावायला खुणावू लागला, तेव्हा वडिलांनी त्या गारठ्यात बूट-मोजे काढले, आडव्या खांबाला कपाळ टेकवलं आणि मगच हात घातला. कुणीतरी खो-खो हसलं. म्हाताऱ्यानं मला कारण विचारलं. "सांग त्याला, पायात घालून काठीला शिवत न्हाईत," वडील म्हणाले. मी सांगितलं, आणि हसणाऱ्यालाही ऐकू जावं म्हणून आवाज चढवून सांगितलं. म्हातारा नुसता त्यांच्या पायांकडं बघत राहिला. यंदा त्या गावाहून मला फोटो आला: खांब उचलणारे सगळे बुटांत, एकटा तो म्हातारा अनवाणी. वडिलांनी चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "आता बराबर उभी ऱ्हाईल."