हेडफोन गळ्यात, नजर स्क्रीनवर

गड्यांनो, चिखला गावच्या हळदीत डीजे वाजवून आत्ताच शहापूरले परत आलो. सामान अजून गाडीतच आहे. उतरवायचा जीव नाही.

गाण्याले गाणं जोडायचा नवा डिजिटल कंट्रोलर घेतला तेव्हा मी इथंच आपल्या ग्रुपवर फोटो टाकला होता. स्क्रीनवर चालू अन् पुढच्या, दोन्ही गाण्यांच्या रंगीत लाटा दिसतात, त्या जुळल्या की ठेका जुळला. आता हेडफोनची गरजच नाही, अशी फुशारकीही मारली होती.

आज दुपारी नवरदेवाचे आजोबा भेटले. जन्मभर मॅंगनीजच्या खाणीत खाली उतरून काम केलं, सुरुंगांच्या आवाजानं कान गेले. ते बेसच्या मोठ्या बॉक्सवर तळहात ठेवतात, ठेका पकडतात अन् मस्त नाचतात.

नाचून झाल्यावर माझ्याजवळ आले. "बापू, हेडफोन गळ्यात काहून? कानाले लाव ना."

मी ओरडून म्हटलं, "नव्या मशीनले लागत नाही, आबाजी. डोळ्यानंच होते."

ते माझ्या ओठांकडे पाहत होते. मग हसले. "तूबी माह्या ओठाकडंच पाहून राहिला ना रे? किती वर्सं झाले?"

मी मान वळवून स्क्रीनकडे पाहिलं.

मशीन मी हौसेनं घेतलं नाही, गड्यांनो. डावा कान गेला आहे अन् उजवा चालला आहे. घरी अजून कोणाले माहीत नाही.

तुमच्यापैकी किती डीजे आता डोळ्यानंच वाजवून राहिले? खरं सांगा. फोन नका करू, इथं लिहूनच सांगा.