खिळा नसलेलं घर

मी हेवेखोर माणूस आहे. सत्तरी ओलांडल्यावर हे कबूल करायला काही हरकत नाही. दुसऱ्याचं कौतुक कानावर पडलं की माझ्या पोटात दुखायला लागतं, आणि ते दुखणं ओवा खाऊन थांबत नाही. आयुष्यात मी पुष्कळांचा हेवा केला, पण एका वाण्याचा केला तसा कुणाचाच नाही.

एकोणीसशे तीसच्या आसपासची गोष्ट. चौलजवळच्या एका खाडीकाठच्या गावात लोकल बोर्डाच्या शाळेवर मी मास्तर होतो. ट्रेनिंग कॉलेजात जाऊन आलेला, पक्का. सर्टिफिकेट काचेत बसवून ओटीवर टांगलं होतं. गावात माझ्याएवढं शिकलेलं दुसरं कुणी नव्हतं. तेव्हा गावाला काही अडलं, काही विचारायचं झालं, तर त्यांनी माझ्याकडे यावं, अशी माझी सरळ अपेक्षा होती. चुकीची होती का, सांगा.

पण गाव जायचं दुकानात. दुकानदार दुसरी नापास. सगळे त्याला शेट म्हणत, मी मुद्दाम ‘दुकानदार’ म्हणायचो. त्याच्याकडे मुंबईहून मचव्यातून, शिडाच्या होडीतून, रद्दीचे गठ्ठे यायचे, पुड्या बांधायला. जुनी वर्तमानपत्रं, मासिकं, कसलीही. इंग्रजी आणि गुजराती कागद थेट पुड्यांना जायचे. मराठी कागद मात्र हा माणूस आधी वाचायचा. बोट ठेवून, ओठ हलवत, एकेक ओळ. आणि संध्याकाळी पायरीवर माणसं जमली की त्यांना सांगायचा.

काय काय सांगायचा! सूर्याचा उजेड आपल्यापर्यंत यायला आठ मिनिटं लागतात. देवमासा हा मासाच नव्हे, तो पिल्लांना पाजतो. यावरून कोळीवाड्यात दोन दिवस भांडण चाललं होतं. चार-पाचशे वर्षांपूर्वी एक रशियन मुसाफिर घोडा विकायला घेऊन आपल्या चौलच्या बंदरात उतरला होता. अहो, मी त्या चौलवरून वर्षानुवर्षं ये-जा करत होतो, पोरांना इंग्लंडच्या राजांच्या वंशावळी घोकायला लावत होतो, आणि हे मला ठाऊक नव्हतं! एकदा मला भर पायरीवर म्हणाला, “मास्तर, तुमचा पगार फिरंगी हाय, म्हायती हाय काय? पाव, बटाटा, चावी, पगार, हे समदे शब्द पोर्तुगीजांचे.” माणसं खो खो हसली. मीही हसलो. घरी येऊन जेवलो नाही.

त्याच्या ज्ञानाचं एकच दुखणं होतं. कागद फाटलेला असायचा. शहामृगाची गोष्ट ऐन रंगात यायची आणि शेट म्हणायचा, “पुढचं फाटलंय.” मग तो आठवायचा की त्याचा जोडकागद कुणाच्या पुडीला गेला. “काल तुझ्या घरी हळद गेली ना, तिच्यात असंल बघ.” आणि माणसं घरी जाऊन खरोखर कागद शोधून आणायची! गुळाने चिकट झालेले, तेलाने पारदर्शक झालेले. कोळणी मासळीच्या टोपलीतून कागद जपून आणायच्या. दोन तुकडे पायरीवर जोडले जायचे आणि सगळे वाकून बघायचे. माझ्या शाळेत एवढ्या उत्सुकतेने कुणी कधी वाकून पाहिलं नाही.

घरातही सुटका नव्हती. आमची ही वाढता वाढता म्हणायची, “ऐकलंत का? त्या म्हाकुल मासळीला तीन काळजं असतात म्हणे. शेट सांगत होते.” म्हाकुलाला तीन असोत की तीस, मला एकच होतं आणि ते जळत होतं.

“तुमच्या शेटला म्हणावं, शाळेत येऊन शिकवा,” मी म्हणालो.

“म्हटलं असतं,” ती शांतपणे म्हणाली, “पण मग तुम्ही काय कराल?”

अशी बायको कुणाला मिळू नये.

एका संध्याकाळी मी दुकानावरून चाललो होतो. पायरी भरलेली. शेट हातात एक फाटका तुकडा धरून सांगत होता, “अलिबागेत सरकारचं एक घर हाय. त्याच्यात लोखंडाचा एक खिळा न्हाय. दाराला न्हाय, छपराला न्हाय, कुठंच न्हाय.”

“का पण?” कुणीतरी विचारलं.

“का ते फाटलंय.”

एका म्हाताऱ्या कोळ्याने मला हाक मारली. “मास्तर, अवो मास्तर, हे खरं काय?”

इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या पायरीवरून मला कुणी काही विचारलं होतं. मी थांबलो, छत्री टेकली आणि म्हणालो, “खिळ्याशिवाय घर? मग दारं काय खळीने चिकटवलीत?”

हशा झाला. काय गोड वाटलं म्हणून सांगू! शेटचा चेहरा उतरला. “छापलंय, मास्तर.”

“छापलेलं सगळं खरं नसतं. त्यासाठी शिकावं लागतं.”

म्हातारा म्हणाला, “मास्तर या शनवारी कचेरीच्या कामाला अलिबागेला जातातच हायेत. डोळ्यांनी बघून येतील. त्ये सांगतील त्ये खरं.”

“व्हय,” शेट म्हणाला. “मास्तर सांगतील ते खरं. आणि खोटं निघालं तर मी पुन्ना कागद वाचायचा न्हाय. लोकांना खोटं सांगून पाप कशाला घ्या?”

शनिवारी मी अलिबागेला गेलो. कचेरीतलं काम उरकलं आणि विचारत विचारत ते घर गाठलं. फाटकात शिपाई उभा होता. म्हणाला, “छत्री इथंच ठेवा. तारा आहेत तिच्यात. चाव्या, चाकू, काय असेल ते काढा.” मग माझ्या पायांकडे बघून म्हणाला, “वहाणांना खिळे आहेत. त्याही काढा.”

मी अनवाणी वाळूत उभा राहिलो आणि मला कळलं की आपण मेलो.

आतून एक कारकून आले. खेड्यातला मास्तर एवढ्या लांबून चौकशीला आला याचाच त्यांना आनंद झाला. पाव तास त्यांनी मला सगळं सांगितलं. पृथ्वी हाच एक मोठा लोहचुंबक आहे. त्याचा जोर इथे सुयांवर मोजतात. जवळ लोखंड असलं तर सुई फसते, म्हणून घरात खिळेसुद्धा तांब्या-पितळेचे. आधी हे काम मुंबईत चालायचं, पण तिथे विजेची ट्राम आली आणि सुया बिघडायला लागल्या, म्हणून इथे आणलं. “आणि मास्तर,” ते हळू आवाजात म्हणाले, “सूर्यावर वादळ झालं ना, की अलिबागेतली ही सुई थरथरते.”

माझ्या अंगावर काटा आला. एवढी सुंदर गोष्ट मी उभ्या जन्मात ऐकली नव्हती. कधी एकदा गावात जातो आणि सांगतो असं झालं. परतीच्या वाटेवर मी वाक्यं जुळवत होतो. आणि अर्ध्या वाटेत ध्यानात आलं की मी हे सांगितलं की गाव काय म्हणणार? ‘बघा, शेटचंच खरं निघालं!’ सूर्याचं वादळ माझं आणि वाहवा त्याची. पोटात असं दुखलं की मी रस्त्याच्या कडेला बसलो.

पायरीवर सगळे वाट बघत होते. शेट तर दुकान सोडून खाली येऊन उभा होता.

“आहे एक कचेरी,” मी म्हणालो. “चांगली लोखंडी खिळ्यांची दारं आहेत. एका दारालाच सोळा. मी मोजले.”

सोळा! आकड्याशिवाय लोकांना खरं वाटत नाही, एवढं ट्रेनिंगमध्ये शिकलो होतो.

शेटने मान हलवली. तो फाटका तुकडा घडी करून तराजूच्या मोठ्या वजनाखाली सरकवला. “बरं झालं मास्तर, तुम्ही गेलात,” एवढंच म्हणाला आणि कुणाचं तरी मीठ जोखायला लागला.

त्या दिवसापासून त्याने वाचणं बंद केलं. मराठी कागदही थेट पुड्यांना जाऊ लागले. पायरीवर माणसं बसायची, पण बोलणं मासळीच्या भावाचं आणि बांधावरच्या भांडणांचं. कुणी तुकडे आणेना. आणि माझ्याकडे? माझ्याकडेही कुणी फिरकलं नाही. एकदा घरी जिऱ्याच्या पुडीवर मधमाश्यांविषयी काही छापलेलं सापडलं. अर्धंच होतं. पुढचं वाचायला जीव तळमळला, पण विचारणार कुणाला? हीसुद्धा जेवताना गप्प बसायची. ते गप्प बसणं मला फार लागायचं.

दोन वर्षांनी माझी बदली झाली. सामान गाडीत चढलं होतं. वाटेत खायला गूळ-दाणे घ्यायचं निमित्त करून मी दुकानात गेलो. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. पहिल्यांदाच मी त्याला शेट म्हटलं.

“शेट, ते अलिबागेचं घर... मी तुम्हाला खोटं सांगितलं.”

तो दाणे जोखत होता. हात थांबला नाही. “ठावं हाय. तुम्ही जाऊन आल्यावर आठ दिवसांनी मी गेलतो. फाटकात कमरेची चावी काढून ठेवायला लावली मला.”

“मग... गावाला सांगितलं का नाहीत?”

“मी रद्दीवाला, मास्तर. माझं खोटं ठरलं, गाव हसला, झालं. तुमचं खोटं निघालं असतं तर उद्या पोरांनी तुमच्या पाढ्यांवर तरी कसा भरवसा ठेवायचा?”

धरणी दुभंगावी म्हणतात ना, तसं वाटलं. शेटने मोठं वजन उचललं आणि खालून तो तुकडा काढला. दोन वर्षांत पिवळा झालेला.

“एक सांगा मास्तर,” तो खाली वाकून, जवळजवळ विनवत म्हणाला. “शिपायानं मला आत न्हाय सोडलं. का न्हाय खिळा तिथं? माझं तेवढं फाटलेलं हाय.”

मग मी त्याला सांगितलं. पृथ्वीचं चुंबकत्व सांगितलं, ट्राम सांगितली आणि शेवटी सूर्यावरचं वादळ सांगितलं. तराजू हातात तसाच धरून तो ऐकत होता. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. “आयला,” तो म्हणाला, “तिकडं वादळ, आणि इथं आपल्या अलिबागेत सुई हालते!” एखाद्या पोराला जत्रेत पिपाणी मिळावी तशी ती गोष्ट त्याला मिळाली होती.

ती गोष्ट दोन वर्षं माझ्यापाशी होती, आणि एक दिवसही मला तेवढा आनंद झाला नव्हता. पुडी घेऊन मी गाडीत बसलो. माझ्या पोटात दुखत होतं.