सोडवलेलं लेबल

फ्रेंच वाइनची बाटली संपली की आमचे हे तिचं लेबल कोमट पाण्यात सोडवून वहीत चिकटवायचे. "ज्या गावची द्राक्षं, त्याच गावाचं नाव लावता येतं. तिथे तसा कायदाच आहे," असं कौतुकाने सांगायचे.

हे गेले तेव्हा एक बाटली न उघडता राहिली होती. काल मी तिचंही लेबल सोडवून वहीत लावलं. बाटली एकदम ओकीबोकी दिसू लागली. आत वाइन तीच, पण ती कुठली, हे आता बाटली बघून कुणालाच कळणार नाही.

संध्याकाळी मुलगा पेचकस घेऊन दाराशी उभा राहिला.

"आई, बाबांच्या नावाची पाटी काढू ना? तुझ्या नावाची करून आणलीय."

"काढू नकोस रे," मी म्हटलं. "माझी तिच्याखाली लाव."