चारशे पावलं

खात्यात त्यांना सगळे पाऊलकाका म्हणायचे, आणि त्यात थट्टा कमी, कौतुक जास्त होतं. एकतीस वर्षं वनरक्षक म्हणून काढलेली. त्या सरकारी जंगलात मोजायची फीत झुडपांत अडकायची आणि दाट पानांखाली यंत्रंही गोंधळायची. पाऊलकाका मात्र झाडाला पाठ लावून उभे राहायचे आणि तोंडातल्या तोंडात आकडे म्हणत सरळ चालू लागायचे. ते थांबतील तिथे खुंटी ठोकली जायची. शंभर पावलं म्हणजे पंचाहत्तर मीटर. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका वरिष्ठाने त्यांना जंगलाच्या कडेला असलेल्या शाळेच्या मैदानावर दिवसभर चालायला लावून हे माप पक्कं करून घेतलं होतं. काकांनी ते जन्मभर पुरवलं, आणि इतरांनी डोळे झाकून मानलं.

जमिनीखाली गॅस सापडल्यापासून जंगलाच्या नावाने दोन तट पडले होते. एकाला गॅस हवा होता, दुसऱ्याला झाडं, आणि दोघांनाही आपलंच खरं वाटायचं. काकांच्या घरी चहा गॅसवर व्हायचा आणि पगार जंगलाचा यायचा, त्यामुळे बैठकांत ते शहाण्यासारखे गप्प बसायचे.

गेल्या महिन्यात गॅसच्या नव्या विहिरीची जागा ठरत होती. एका अंगाला धनेश पक्ष्याच्या घरट्याचं झाड होतं. मादी ढोलीत बसली होती. ढोलीचं तोंड चिखलाने लिंपलेलं, चोच बाहेर काढण्यापुरती फट ठेवलेली, आणि पिसं गळून गेलेली. नराने आवाजाला घाबरून चारा आणणं सोडलं तर ती आत उपाशी मरणार. दुसऱ्या अंगाला चाळीस वर्षांपूर्वी सिमेंट ठासून बंद केलेली जुनी विहीर होती. खाली किती दाब साठलाय याचा कागद कुणाकडेच नव्हता. शेजारी भोक पाडलं तर गॅस आडवा सरकून त्या जुन्या तोंडातून उसळण्याची भीती. नियम सांगत होता, दोन्हींपासून तीनशे मीटर लांब राहा. काका झाडापासून चारशे पावलं चालले, मग जुन्या विहिरीपासून चारशे, आणि दोन्ही वेळा मधल्या एकमेव मोकळ्या जागी येऊन थांबले. दोन्ही तट खूश झाले. रेंजर मॅडमनी काकांना स्वतः खुर्ची दिली. काकांनी कागदावर सही केली.

त्या विहिरीवर त्यांची मुलगी कामाला जाणार होती. भोकातून वर येणाऱ्या चिखलात गॅस किती आहे, हे ती एका पत्र्याच्या केबिनमध्ये बसून पाहणार होती. केबिन विहिरीच्या अगदी तोंडाशी. काम सोमवारी सकाळी सुरू व्हायचं होतं.

रविवारी दुपारी काका बायकोबरोबर भाजी घेऊन परतत होते. ती दोनदा थांबली, तिसऱ्यांदा हसली.

"लग्न झाल्यापासून तुमच्यामागे धावतेय मी. आता बघा, मलाच थांबावं लागतंय तुमच्यासाठी."

"गुडघा आहे तो," काका म्हणाले, आणि हसले. पुढची चार पावलं ते हसतच चालले. मग ते जागीच थांबले आणि आपल्या पायांकडे बघत राहिले.

घरी येऊन त्यांनी पिशवी दारातच टाकली. बायको शिवणकाम करायची. तिच्या मशीनवरची टेप घेऊन ते व्हरांड्यात गेले. दहा पावलं चालले आणि वाकून मोजलं. सहा मीटर. पुन्हा चालले, यावेळी मुद्दाम ताठ. सहा मीटर आणि चार बोटं. पाऊल पाऊण मीटरचं राहिलंच नव्हतं. चारशे पावलं म्हणजे तीनशे मीटर नव्हते, दोनशे चाळीस होते. सही केलेला कागद त्यांना डोळ्यांसमोर दिसत होता, आणि त्याच्या पलीकडे ती पत्र्याची केबिन.

आत मुलगी उद्यासाठी बॅग भरत होती.

"उद्या जाऊ नकोस," काका म्हणाले.

"का?"

"ताप आलाय म्हणून सांग."

"कुणाला ताप आलाय?"

तिने वर पाहिलं, त्यांच्या हातातली टेप पाहिली आणि बॅग बाजूला सारली. मग त्यांनी सगळं सांगितलं.

"मी नाही गेले तर दुसरी कुणी बसेल त्या केबिनमध्ये," ती म्हणाली. "तिच्याही घरी कुणी असेलच ना, बाबा?"

"कळतंय गं मला. पण सांगितलं तर खुंटी हलवतील, आणि ती झाडाकडेच हलवतील. माणसांपुढे पक्ष्याचं कोण ऐकणार?" नोकरी जाईल, पेन्शन अडकेल, हे त्यांच्या ओठांवर आलं होतं. मुलीसमोर बोलायची लाज वाटली म्हणून त्यांनी ते गिळलं.

"मग दोन्ही बाजू मोजू," ती म्हणाली. "दोन्ही आकडे एकाच कागदावर. मग बघू कुठे हलवतात ते."

ऊन कलायच्या आत ते जंगलात पोचले. पन्नास मीटरची फीत तिने धरली, काका काटे बाजूला सारत पुढे झाले. जुन्या विहिरीच्या सिमेंटवर गवत उगवलं होतं. काका तिथे वाकले, आणि खालून काही ऐकू येतंय का म्हणून नकळत कान लावून बसले. काहीच ऐकू आलं नाही, त्याने भीती वाढलीच. तिथून खुंटीपर्यंत दोनशे एक्केचाळीस मीटर भरले. खुंटीपासून झाडापर्यंत दोनशे अडतीस. वर ढोलीच्या फटीत चोचीचं टोक हललं. खाली दोन माणसं घाम पुसत उभी आहेत, हे तिला कळलं असेल नसेल.

विहिरीला जागा नव्हतीच. दोन्ही तटांची समजूत पटली होती ती एका म्हाताऱ्या गुडघ्यावर.

रेंजर मॅडमच्या घरी पोचताच काकांनी दोन्ही आकड्यांचा कागद त्यांच्यापुढे ठेवला. मॅडमनी कागद दोनदा वाचला. त्या ओरडल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं. त्यांनी फोन उचलला आणि उद्याचं काम थांबवायला सांगितलं. समोरून कुणीतरी चढ्या आवाजात बोलत राहिलं. मॅडम "नाही म्हणजे नाही" एवढंच तीनदा म्हणाल्या आणि फोन ठेवला.

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलगी वाचली. ढोलीतली तीही तूर्त वाचली. आता चौकशी होवो नाहीतर पेन्शन अडको, असं त्यांना त्या क्षणी अगदी मनापासून वाटलं.

"काका," मॅडम म्हणाल्या, "गुडघा कधीपासून दुखतोय?"

"होतील दोनएक वर्षं."

मॅडम भिंतीवरच्या नकाशासमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यावर लाल टाचण्या होत्या. "आणि या दोन वर्षांत तुमच्या पावलांवर किती विहिरी बसल्या?"

काकांनी नकाशाकडे पाहिलं. मोजायची गरजच नव्हती, प्रत्येक जागी ते स्वतः चालले होते.

"सात," ते म्हणाले. "सगळ्या चालू आहेत."

मुलीने गुंडाळून ठेवलेली फीत पुन्हा उचलली. "उजेड आहे अजून थोडा," ती म्हणाली. "आधी कुठे जायचं, बाबा?"

काकांना उद्याचा सोमवार आठवला. आठला शाळेची घंटा होते, त्याआधीच मैदान पोरांनी भरून जातं. त्याच मैदानावर ते तरुणपणी दिवसभर चालले होते.

"शाळेमागची," ते म्हणाले.