गाडीखालचं घमेलं

गेल्या मंगळवारी आमच्या गावात टँकरचा दिवस होता. अख्खी गल्ली हंडे घेऊन चौकात, आणि मी अंगणात माझ्या सोळा वर्षांच्या डिझेल गाडीखाली डोकं घालून...

गाडीच्या रेडिएटरचं पाणी गळतंय हे मला दोन महिन्यांपासून माहीत होतं. रोज सकाळी बोअरचं पाणी ओतायचं आणि दूध पोचवायला नेकनूर गाठायचं, असं चाललं होतं. शेवटी बीडच्या मेकॅनिकनं झापलं, असल्या खाऱ्या पाण्यानं इंजिन सडवून घेताय का म्हणून. मग आयुष्यात पहिल्यांदा खरंखुरं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं ते रंगीत औषध, आणून भरलं. गळका पाईप मात्र तसाच ठेवला. नंतर बघू म्हटलं.

त्या दिवशी नेकनूरहून येऊन गाडी उभी केली आणि खाली धारच लागली. दुष्काळात आमच्याकडे काहीही ठिबकलं की त्याच्याखाली भांडं जातं, मग तो कूलर असो नाहीतर टाकी. विचार करावा लागत नाही, हात आपोआप चालतो. मी गाडीखाली घमेलं सरकवलं, वाटलं गाळून परत भरू. आणि कामाला गेलो.

मी इथल्या दूध सोसायटीचा सचिव आहे. सोसायटी घरासमोरच, रस्ता ओलांडला की झालं. तासाभरानं परत आलो तर घमेलं कोरडं... चाटूनपुसून साफ. बाजूच्या मातीत छोट्या खुरांचे ठसे.

शेजारच्या सुभद्राकाकूंचं वासरू दावं सोडवून फिरत होतं. काकू टँकरच्या रांगेत. त्यांचं घर एका गाईवर चालतं, आणि ती गाय अशी की वासरू जवळ असल्याशिवाय पान्हा सोडत नाही. यंदा चाऱ्याअभावी कितीतरी जणांनी जनावरं बाजारात नेली, काकूंनी नेली नाही.

मी काय केलं असेल? कूलंटच्या डब्यावर 'विषारी' लिहिलेलं आठवलं, आणि घमेलं उचलून घरामागे नेऊन ठेवलं. लिहिताना लाज वाटतेय, पण हेच केलं.

थोड्या वेळानं काकूंच्या दारात गलका झाला. वासरू झोकांड्या खात होतं, मागचे पाय पार गळालेले. नशिबानं दूध संघाचे डॉक्टर लसीकरणासाठी सोसायटीत आलेले होते. ते धावत आले, त्यांनी ताप बघितला, डोळे बघितले.

"ऊन लागलं जनू माज्या लेकराला," काकू म्हणाल्या. डॉक्टरांनाही तसंच वाटलं. त्यांनी सलाईन लावायला घेतली.

मी पाच पावलांवर उभा होतो. मोबाईलवर शोधून वाचत होतो... कूलंट गोड लागतं, जनावरं आवडीनं पितात, आणि मग किडन्या जातात. सगळं वाचलं आणि गप्प बसलो. सचिवाच्या गाडीनं वासरू मारलं हे गावभर होणार, डोक्यात एवढंच. डॉक्टरांना सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

काकू आत गेल्या आणि नुकताच भरून आणलेला हंडा घेऊन बाहेर आल्या. अख्खी सकाळ रांगेत उभं राहून मिळालेलं पाणी. ते त्यांनी सगळंच्या सगळं वासराच्या अंगावर ओतलं, ऊन उतरावं म्हणून.

ते मला बघवलं नाही.

"डॉक्टर, ऊन नाही लागलेलं. त्यानं माझ्या गाडीचं कूलंट प्यायलंय."

डॉक्टरांचा हात थांबला. "कधी?"

"मघाशी. माझ्या आत्ताच लक्षात आलं." इथेही खोटं बोललो.

"दारू आणा. देशी चालेल, पण पळा." आधी कुणालाच कळेना. डॉक्टर म्हणाले, शरीर आधी दारू पचवत बसतं, तोवर ते विष अडून राहतं. मग महिला मंडळात दारूबंदीवर भाषण ठोकणारा मी, मोटारसायकल काढून गुत्त्यावर गेलो.

माझी आई माळकरी. बाटलीचा वाससुद्धा तिला चालत नाही. तिनंच वासराचा जबडा धरला, आणि डॉक्टर मोजून, पाणी घालून, बांबूच्या नळकांड्यानं थोडी थोडी पाजत राहिले. संध्याकाळपर्यंत ते हलले नाहीत. जाताना म्हणाले, "उद्या लघवी नीट झाली तर समजा किडन्या वाचल्या."

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे त्या शेपटीकडे डोळे लावून बसलो. नऊ वाजले, दहा, अकरा... काही नाही. काकू सारखं त्याच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. मला तिथं बसवत नव्हतं आणि उठवतही नव्हतं.

बाराच्या सुमारास वासरू धडपडत उठलं.

"मुतलं रे दिलीप, मुतलं," काकू म्हणाल्या आणि मटकन खाली बसून रडायला लागल्या. मीही रडलो.

त्याच दुपारी पाईपची गळती काढली. वॉटर पंपाजवळची क्लिप गंजून गेली होती, बाकी काही नाही. दोन महिने टाळलेलं काम पाऊण तासात झालं.

तेव्हापासून काकू सोसायटीत येईल त्याला सांगतात, "दिलीपनं खरं सांगितलं म्हनून वाचलं माजं वासरू." लोक माझ्या पाठीवर थाप मारतात. मला ते सहन होईना.

म्हणून आज सकाळी, ही पोस्ट लिहायच्या आधी, त्यांच्या गोठ्यात गेलो. वासरू गाईला लुचत होतं. घमेलं लपवल्याचं सांगितलं, माहीत असून गप्प उभा होतो तेही सांगितलं.

काकूंनी वासराला बाजूला बांधलं, चरवी घेतली आणि दूध काढायला बसल्या.

"पानी वतत हुते मी त्याच्यावर, तवाबी तुला ठावं हुतं?"

"हो."

"सांगितलंस ते बरं केलंस," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "आता जा. गाय बुजती."

मी निघालो. संध्याकाळी त्या नेहमीसारख्या दूध घालायला येतील, आणि माप मलाच घ्यायचंय... डॉक्टर, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. काकूंचे मानायची तर अजून हिंमत नाही.