चारुशीलाबाईंनी सोडलेली तान

अमरावतीच्या प्रयोगात चारुशीलाबाईंचा आवाज बसला, तोही तिसऱ्या अंकात, भर पदात, ही बोंब अकोल्यात सकाळच्या चहाआधीच पोचली. कुणी म्हणे बसमधली थंड हवा बाधली, कुणी म्हणे दुपारचं झणझणीत वांगं. सगळं खोटं. आवाज बसला नव्हता. बाईंनी तो स्वतःच्या हाताने खाली ठेवला होता.

बाई अकोल्यात, मी शिकवतो त्याच शाळेत, भूगोल शिकवतात आणि हौशी मंडळींच्या संगीत नाटकांत गातात. गळा असा, की वन्समोअर ठरलेला. पण जिवाला स्वस्थता नाही, आणि त्याला कारण अमरावतीचे वकील मोरोपंत. ते दर प्रयोगाला पहिल्या रांगेत बसतात, ऑर्गनचा पहिला सूर लागला की चष्मा खिशात टाकतात, डोळे मिटतात, आणि मग पेपरात लिहितात, “बाईंच्या गळ्यात गंधर्वांनी बिऱ्हाड केले आहे. अभिनयही समाधानकारक.”

समाधानकारक! हा शेरा बाई स्वतः ढ पोरांच्या प्रगतिपुस्तकावर मारतात.

“त्यांनी मला कधी पाहिलंच नाही,” त्या दिवशी अमरावतीला जाताना बसमध्ये त्या म्हणाल्या. मूर्तिजापूर येईस्तोवर खिडकीची जागा, मधली जागा, मागची जागा, सगळ्या बसून झाल्या होत्या. “इतक्या वर्षांनी नवरा यात्रेकरूचा वेष घेऊन दारात उभा राहतो, मी त्याला ओळखते, आणि ताना मारत बसते! कोणती बायको असं करेल हो, भगवंतभाऊ? आज ओळख पटली की गाणं थांबणार.”

अकोटचे भगवंतभाऊ ऑर्गन वाजवतात. त्यांनी कपाळावर हात मारला. “मॅडम, लोकं त्या तानेसाठीच तिकीट काढते ना! मले कावून तोंडावर पाडता? मोरोपंत तर जीवच घेतीन.”

“घेऊ देत. पण डोळे उघडून घेऊ देत.”

संध्याकाळी विंगेत त्यांच्या येरझारा चालू होत्या. पदर खोचला, सोडला, पुन्हा खोचला. तिसऱ्या अंकात पद रंगलं, तान चढू लागली, दारातल्या यात्रेकरूने मान वर केली, आणि बाई थांबल्या. तोंड उघडं, सूर नाही. भगवंतभाऊंची बोटं तेवढी पुढे धावली आणि अडखळली.

बाल्कनीतून आरोळी आली, “गळा बसला न बाप्पा! पानी द्या बाईले!”

एक स्वर लावला असता तरी सगळं निभावलं असतं. बाईंनी नाही लावला. हातातल्या ताम्हणात निरांजन तेवत होतं. ते तसंच सांभाळत त्या यात्रेकरूकडे निघाल्या. डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांना पहिली रांग दिसली. मोरोपंत दचकून सावरून बसले होते. त्यांनी खिसे चाचपले, चष्मा उलटा लावला, सुलटा केला, आणि पाहू लागले.

परीक्षण आलं: “पद अर्धे टाकणे हा अक्षम्य अपराध होय. मात्र त्यानंतर बाई नवऱ्याकडे पाहत होत्या आणि आम्ही बाईंकडे.”

बाईंनी ते स्टाफरूममध्ये उभ्यानेच वाचलं. “अक्षम्य म्हणतो म्हातारा!” म्हणत पुन्हा वाचलं, पेपरची घडी घातली, परत उघडली. पुढच्या प्रयोगात तान घ्यावी की नाही, हे त्यांचं अजून ठरत नाहीये.

माझी बाईंशी पैज होती, की नाट्यगृहाला आग लागली तरी मोरोपंतांचे डोळे उघडणार नाहीत. हरलो. म्हणून दिवाळीपर्यंत मी वर्गात करतो ती मोरोपंतांची नक्कल बंद, आणि पोरं मेली नेमकी तीच मागतात.